वाचक कोण? : संगणकाच्या गाभ्यातील एका वाचनव्यवहाराचा इतिहास

महावितरणच्या देयकावर 'चालू रीडिंग' आणि 'मागील रीडिंग' यांच्या शेजारी 'गुणक अवयव' असा एक रकाना असतो. घरगुती देयकात तेथे बहुधा 1 हा आकडा छापलेला असल्याने आपली नजर त्यावर थांबत नाही. मोठ्या वीजजोडणीत मात्र सगळा प्रवाह मीटरमधून जात नाही, त्याचा ठरावीक अंशच जातो. मग मीटरवर दिसणाऱ्या आकड्याला त्या गुणकाने गुणावे लागते. म्हणजे मीटर पाहून आकडा टिपणारा आणि त्या आकड्याचा अर्थ लावणारा हे दोघे वेगळे असू शकतात, आणि त्यांच्या मध्ये गुणक हरवला तर वाचन अचूक असूनही अर्थ साफ चुकतो.

संगणकाच्या इतिहासात हा प्रश्न गेली पन्नास वर्षे वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहिला आहे. आपल्या खिशातील फोनमध्ये तापमान, विद्युत्दाब, हालचाल, प्रकाश मोजणारे अनेक सेन्सर असतात. त्या प्रत्येकाशी थेट बोलण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'कर्नल' नावाच्या गाभ्याला असतो, आणि त्या गाभ्यात एकेका चिपची भाषा जाणणारा दुभाषा असतो, त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. चिपने दिलेला कच्चा आकडा कोणी वाचायचा, त्याला अर्थ कोणी द्यायचा आणि तो कोणाला वाचू द्यायचा, या तीन प्रश्नांभोवती हा इतिहास फिरतो. साहित्याच्या अभ्यासकाने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच, की या इतिहासातील निर्णायक वाद तारांचे आणि विद्युत्प्रवाहाचे नाहीत. ते नावांचे, कोशाचे, परिमाणांचे आणि वाचकाच्या कल्पनेचे आहेत. ते आपल्या विषयाच्या बाहेरचे म्हणता येत नाहीत.

प्रारंभ अर्थातच युनिक्सपासून करावा लागतो. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969पासून जी प्रणाली घडवली, तिचे वर्णन करणारा त्यांचा निबंध 1974 साली प्रसिद्ध झाला. त्यात फाइलींचे तीन प्रकार सांगितले आहेत : साध्या फाइली, निर्देशिका आणि 'विशेष' फाइली. यांतील तिसरा प्रकार आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. छपाईयंत्र, चुंबकीय फीत, टर्मिनल यांपैकी प्रत्येक उपकरणाला फाइलीसारखे एक नाव दिले गेले. त्या नावाची फाइल उघडून वाचू लागले, की कोठे साठवलेला मजकूर हाती येत नाही, प्रत्यक्ष उपकरणच कामाला लागते आणि जे देईल ते वाचकाच्या हाती पडते. वाचणाऱ्या प्रोग्रामला मात्र आपण फीत वाचतो आहोत की मजकूर, हे ठाऊक असण्याची गरज नाही.

ही कल्पना इतकी सहज आहे, की तिच्यातील धाडस आज जाणवत नाही. जगातील प्रत्येक वस्तू म्हणजे वाचता येण्याजोगी संहिता आहे, असे हे विधान आहे! साहित्यचिकित्सेत असे म्हणण्यास आपल्याला बरीच सैद्धांतिक तयारी करावी लागली. बेल लॅब्जमधील मंडळींनी ते सोयीसाठी केले आणि पुढे गेले.

परंतु उपकरण ही संहिता नसते, हे लवकरच लक्षात आले. टर्मिनलचा वेग बदलायचा असेल, तर 'वाच' आणि 'लिही' या दोन क्रियापदांनी भागत नाही. 1979च्या सातव्या आवृत्तीत 'आयऑक्टल' ही तिसरी सर्वसाधारण क्रिया आली. वाचन आणि लेखन यांत न बसणारे जे काही असेल ते सारे या पोतडीत. प्रत्येक ड्रायव्हरने आपले सांकेतिक क्रमांक ठरवायचे, आणि ते क्रमांक ज्याला ठाऊक त्यानेच ते उपकरण वापरायचे. फाइलीचे नाव सर्वांना सारखे, पण आतली बोली दर घरी वेगळी. पुढे सेन्सरचा काळ आला तेव्हा या पोतडीचा ताप सर्वांत जास्त झाला. कारण टर्मिनले थोड्या प्रकारची असतात, सेन्सर असंख्य.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत 1991 साली लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा घरगुती संगणकात सेन्सर असे फारसे नव्हतेच. ते आले नव्वदीच्या उत्तरार्धात. मदरबोर्डवर नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम78सारखी चिप बसू लागली. पंख्याचा वेग, तापमान आणि वीजपुरवठ्याचे विद्युत्दाब मोजणे हे तिचे काम. 1998च्या सुमारास काही स्वयंसेवी प्रोग्रामरांनी या चिप वाचणारा 'एलएम-सेन्सर्स' हा संच रचला. या संचाच्या रचनेत आपल्या गुणक अवयवाचा पहिला ठळक अवतार दिसतो, म्हणून तेथे थोडे थांबू.

एलएम78 चिप विद्युत्दाब मोजते तो आठ अंकी द्विमान संख्येत, म्हणजे 0 ते 255. आणि एकेक पायरी 16 मिलिव्होल्टची. अर्थात 4 व्होल्टच्या थोडे वर तिची धाव संपते. मग 5 व्होल्टचा पुरवठा ती कसा मोजणार? त्यासाठी मदरबोर्ड बनवणारा मध्ये दोन रोध जोडतो, एक 6.8 किलोओहमचा आणि एक 10चा. त्यामुळे 5 व्होल्टचे चिपपाशी पोहोचेपर्यंत सुमारे 2.976 व्होल्ट होतात, आणि चिप सांगते 186. या 186चा 16शी गुणाकार केला की 2976 मिलिव्होल्ट, त्याला पुन्हा 1.68ने गुणले की पाच व्होल्ट परत मिळतात. आता पाहा : 16 हा गुणक चिपला ठाऊक आहे, म्हणून तो ड्रायव्हरने लावावा हे रास्त. पण 1.68 हा गुणक चिपला ठाऊक असणे शक्यच नाही. तो मदरबोर्ड रचणाऱ्याच्या डोक्यात आहे. आणि दुसऱ्या कंपनीने वेगळे रोध लावले असतील, तर तो बदलेल.

या मंडळींनी जी वाट काढली ती मला आजही विचारी वाटते. गाभ्यातल्या ड्रायव्हरने चिपच्या पायाशी असलेला दाब सांगायचा; रोधांचे गणित गाभ्याबाहेरच्या एका साध्या मजकूर-फाइलीत लिहायचे. त्या फाइलीत 'कंप्यूट' या शब्दापुढे सूत्र असे, तेही दुहेरी : आकडा वाचताना कोणते सूत्र लावायचे आणि मर्यादा लिहिताना कोणते उलटे सूत्र लावायचे. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर मूळ पाठ एका जागी आणि टीका दुसऱ्या जागी, दोन्हींत सरमिसळ नाही. त्याची किंमतही होती. टीका लिहिणारा चुकला किंवा त्याने दुसऱ्याच मदरबोर्डची टीका उचलली, तर धडधाकट संगणकाचा बारा व्होल्टचा पुरवठा पडद्यावर भलताच दिसे आणि माणूस नवा वीजपुरवठा विकत आणण्याच्या तयारीला लागे.

या संचाच्या वाट्याला एक आपत्तीही आली, आणि 'वाचन निरुपद्रवी असते' या आपल्या समजुतीला तिने कायमचा धक्का दिला. मदरबोर्डवरच्या या लहान चिपा दोन तारांच्या एका सामायिक मार्गावर बसलेल्या असतात. त्या मार्गावर कोणाला तुझे नाव काय, असे विचारता येत नाही. पत्ता पुकारायचा आणि कोणी ओ देते का ते पाहायचे, एवढेच शक्य असते. म्हणून सेन्सर शोधणारा प्रोग्राम एकेक पत्ता पुकारत जाई. आयबीएमच्या काही थिंकपॅड संगणकांत याच मार्गावर अ‍ॅटमेल कंपनीची एक स्मृतिचिप होती. नुसत्या हाकेसाठी पाठवलेल्या संकेताचा ती विपरीत अर्थ लावी आणि तिच्यातील मजकूर बिघडे. तो मजकूर होता यंत्राचा अनुक्रमांक आणि यंत्र सुरू होण्यास लागणारी माहिती. परिणामी चांगला चालणारा संगणक पुन्हा सुरूच होईना. शेवटी संबंधित ड्रायव्हरमध्येच तपासणी घालण्यात आली, की यंत्र आयबीएमचे दिसले तर हा ड्रायव्हर कामाला लागण्यासच नकार देईल. वाचण्याचा नुसता प्रयत्न संहितेला पुसून टाकू शकतो, याचे इतके शब्दशः उदाहरण मला अन्यत्र आढळलेले नाही. हे सौम्य रूपात तर नेहमीच घडते : अनेक चिपांत काही नोंदी अशा असतात, की एकदा वाचल्या की आपोआप कोऱ्या होतात. तेथे दुसऱ्या वाचकाला वाचण्यासारखे काही उरतच नाही.

डिसेंबर 2003मध्ये लिनक्सची 2.6 ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर पॅट्रिक मोशेल यांनी रचलेली 'सिसएफएस' ही व्यवस्था. तिचा दंडक असा, की एका फाइलीत एकच मूल्य असावे. 'टेंप1_इनपुट' या नावाची फाइल वाचली, की 42000 असा एकच आकडा मिळायचा, आणि तो एक हजारांश अंश सेल्सियसमध्ये आहे हे ठरलेले. म्हणजे 42 अंश. दशांशचिन्ह टाळण्याचे कारण गाभ्याच्या स्वभावात आहे. अपूर्णांकांचे गणित करणारी प्रोसेसरची सामग्री बाहेरच्या प्रोग्रामांच्या ताब्यात असते. गाभ्याने ती वापरायची तर दर वेळी तिची आवराआवर करावी लागते, म्हणून गाभा पूर्णांकांतच विचार करतो. 'हार्डवेअर देखरेख' या शाखेचे व्याकरण अशा रीतीने स्थिर झाले. मात्र हे व्याकरण संथ वाचकासाठी होते. एलएम78चा ड्रायव्हर दीड सेकंदाच्या आत पुन्हा विचारले, तर चिपकडे न जाता मागचाच आकडा सांगे. पंख्याचा वेग आणि मदरबोर्डचे तापमान यांच्यासाठी ते पुरेसे होते.

हालचालीसाठी नव्हते. 2003पासून आयबीएमने थिंकपॅडमध्ये त्वरणमापक बसवण्यास आरंभ केला. संगणक हातातून पडू लागला तर हार्ड डिस्कचे टोक आधीच बाजूला घ्यावे, हा हेतू. या सेन्सरची भाषा कंपनीने लिनक्सच्या मंडळींना कळवली नव्हती. रॉबर्ट लव्ह आणि जेस्पर जूल यांनी मार्क स्मिथ यांच्या एका टिपणाच्या आधारे आणि पुष्कळशा चुकतमाकत केलेल्या प्रयोगांतून 'एचडॅप्स' हा ड्रायव्हर लिहिला. 2005 साली तो लिनक्सच्या 2.6.14 या आवृत्तीत आला. त्याने स्थिती सांगण्यासाठी एक फाइल ठेवली, आणि शिवाय स्वतःला जॉयस्टिक म्हणूनही जाहीर केले, त्यामुळे लोक संगणक वाकडातिकडा करून खेळ खेळू लागले. यातली गंमत बाजूला ठेवली, तरी अडचण दिसते : त्वरणमापकाला बसण्यासाठी घरात खोलीच नव्हती. देखरेख शाखा संथ, आणि कळफलक-माउसची 'इनपुट' शाखा माणसाच्या हाताच्या खुणा टिपण्यासाठी. सेन्सरने माणसाचे सोंग घेतले, तरच त्याला आत प्रवेश मिळे.

ही खोली बांधण्याचे काम केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या जोनाथन कॅमेरन यांनी 2008मध्ये हाती घेतले. तिला नाव मिळाले 'इंडस्ट्रियल आय-ओ', म्हणजे औद्योगिक आदान-प्रदान, आद्याक्षरांनी आयआयओ. नाव फसवे आहे, कारण आज ही शाखा कारखान्यांइतकीच फोनांत आणि टॅब्लेटांत वापरली जाते. 2009च्या अखेरीस आलेल्या 2.6.32 या आवृत्तीत ती 'स्टेजिंग' नावाच्या उमेदवारी-विभागात दाखल झाली. तिचा मुख्य भाग त्या विभागातून बाहेर पडून घरचा झाला तो 2012मध्ये. मधली वर्षे प्रामुख्याने नावांवर गेली, आणि ती व्यर्थ गेली असे मला वाटत नाही. लिनक्समध्ये एक नियम कडकपणे पाळला जातो, की बाहेरच्या प्रोग्रामांना जे एकदा दिसू लागले ते पुढे मोडायचे नाही. तेथे चुकीचे नाव पडले तर ते जन्मभर सांभाळावे लागते. शुद्धलेखनाचे नियम बदलता येतात. छापून गेलेली पुस्तके बदलता येत नाहीत, तशातला प्रकार.

आयआयओमधील मूळ एकक म्हणजे 'चॅनल'. एका चिपमध्ये अनेक चॅनले असू शकतात : त्वरणाची तीन, तापमानाचे एक. प्रत्येक चॅनलाचे नाव सामासिक असते. 'इन_अ‍ॅक्सेल_एक्स_रॉ' हे एक नाव घेऊ. पहिले पद दिशा सांगते, की मूल्य बाहेरून आत येते, दुसरे राशी, म्हणजे त्वरण, तिसरे अक्ष, आणि चौथे अवस्था, की हे मूल्य कच्चे आहे. पदांचा क्रम ठरलेला आहे. पहिली तीन पदे तशीच ठेवून शेवटी 'रॉ'ऐवजी 'ऑफसेट' आले, की आधी काय मिळवायचे ते कळते. 'स्केल' आले, की कशाने गुणायचे ते कळते. कच्च्या मूल्यात ऑफसेट मिळवा, मग स्केलने गुणा, हा क्रम शब्दकोशातच लिहून ठेवला आहे. कारण क्रम उलटला की अर्थ बदलतो. एखादा त्वरणमापक गुरुत्वत्वरणाच्या हजारांशात मोजत असेल, तर त्याचे स्केल 0.009806, टेबलावर स्वस्थ पडलेल्या यंत्रात उभा अक्ष 1000च्या आसपासचा आकडा देतो, आणि गुणाकार केला की 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग हे शाळेतले ओळखीचे मूल्य समोर येते.

परिमाणेही याच कोशात पक्की केली गेली. त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गात, भ्रमणवेग रेडियन प्रति सेकंदात. पण विद्युत्दाब मिलिव्होल्टमध्ये आणि तापमान अंशाच्या हजारांशात, कारण जुन्या देखरेख शाखेत तसेच चालत आले होते. एका घरात मीटर आणि दुसऱ्या घरात मिली, ही विसंगती नवख्याला खटकते. मला मात्र तिच्यात जिवंत भाषेची खूण दिसते. शेजाऱ्याशी बोलणे तुटू नये म्हणून व्याकरणाने घेतलेले ते अपवाद आहेत.

वेगाने येणारी मूल्ये एकेका फाइलीतून वाचणे परवडत नाही. ती एका रांगेत, ओळीने, द्विमान रूपातच वाचायची सोय आहे. मग त्या रांगेतून अर्थ कसा काढायचा? त्यासाठी प्रत्येक चॅनलापाशी एक छोटे सूत्र ठेवलेले असते, उदाहरणार्थ 'एलई:एस12/16>>4'. याचा अर्थ असा : लहान टोक आधी, संख्या चिन्हासह, खरे अंक 12, त्यांनी व्यापलेली जागा 16, आणि वाचण्यापूर्वी चार घरे उजवीकडे सरकवा. पाणिनीच्या अभ्यासकांना अशा अल्पाक्षरी सूत्रांचे कौतुक वाटायला हरकत नाही.

येथपर्यंतच्या साऱ्या इतिहासात एक गृहीत न बोलता धरलेले होते, ते असे की वाचक बाहेर आहे. गाभ्याने वाचायचे ते बाहेरच्या प्रोग्रामासाठी, आणि अखेरीस माणसासाठी. फाइल, नाव, मजकूर ही सारी सामग्री त्या बाहेरच्या वाचकाची. पण गाभ्याच्या आतच एका ड्रायव्हरला दुसऱ्या ड्रायव्हरचे चॅनल वाचायचे असेल तर? हा प्रश्न काल्पनिक नव्हता. फोनमधील बॅटरीचा ड्रायव्हर घ्या. बॅटरीत किती वीज उरली हे सांगण्यासाठी त्याला बॅटरीचा दाब हवा, आणि दाब मोजणारी चिप वेगळी, तिचा ड्रायव्हर वेगळा. गाभ्यातल्या ड्रायव्हरने गाभ्याबाहेरच्या दारावर लावलेली फाइल उघडून वाचावी, हे त्या व्यवस्थेत अशिष्ट समजले जाते. स्वयंपाकघरातून माजघरात जाण्यासाठी रस्त्यावर येऊन पुढच्या दाराने शिरण्यासारखे ते आहे.

त्यामुळे दीर्घकाळ खासगी दारे पाडली गेली. सॅमसंगच्या प्रोसेसरांसाठी लिहिलेला मापन-ड्रायव्हर स्वतःची काही फंक्शने जाहीर करी, आणि सॅमसंगसाठीचाच बॅटरी-ड्रायव्हर, स्पर्शपडद्याचा ड्रायव्हर त्यांना नावाने हाक मारी. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपांची हाक वेगळी. बॅटरीचे गणित तेच, पण चिप बदलली की बॅटरीचा ड्रायव्हर नव्याने लिहायचा. वाचकाला लेखकाचे नाव ठाऊक असल्याखेरीज पुस्तक उघडताच येऊ नये, अशी ही अवस्था होती.

2012मध्ये आयआयओत आतल्या वाचकासाठी व्यवस्था आली. तिचे चार टप्पे आहेत. वाचणारा ड्रायव्हर आपल्या भूमिकेतले नाव सांगून चॅनल मागतो. तो 'मला अमुक चिपचे सहावे चॅनल द्या' असे म्हणत नाही, 'मला माझ्या बॅटरीचा दाब द्या' असे म्हणतो. कोणत्या यंत्रात हे नाव कोणत्या चिपच्या कोणत्या चॅनलाशी जुळते, हा जोडपत्ता त्या यंत्राच्या वर्णनात असतो, दोघांपैकी कोणत्याही ड्रायव्हरात नसतो. मग तो मूल्य वाचतो, हवे तर कच्चे, हवे तर ऑफसेट आणि स्केल लावून पक्के. शेवटी काम संपले की चॅनल परत करतो. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि तेच या रचनेचे बळ आहे.

प्रत्यक्षात मात्र ओळख नसल्याच्या अडचणी येतातच. यंत्र सुरू होताना बॅटरीचा ड्रायव्हर आधी जागा झाला आणि मापनाचा अजून झोपलेला असेल तर? त्याच वर्षी गाभ्यात 'थोड्या वेळाने पुन्हा ये' असे सांगण्याची रीत आली : मागणी नाकारली जात नाही, ड्रायव्हर बाजूला ठेवला जातो आणि नंतर पुन्हा बोलावला जातो. उलट, मापनाची चिप मध्येच निघून गेली तर वाचकाच्या हातात चॅनल राहते पण त्यामागे कोणी नसते; म्हणून दर वाचनाआधी कुलूप लावून चिप अजून आहे का ते पाहावे लागते, आणि नसेल तर 'असे उपकरण नाही' हे उत्तर मिळते. शिवाय चिपशी बोलणे म्हणजे त्या संथ तारांवर वाट पाहणे. ज्या निकडीच्या क्षणी गाभ्याला क्षणभरही थांबण्याची मुभा नसते, त्या क्षणी हे वाचन करता येत नाही. पूर्णांकांचा जुना जाच येथेही आहे. पक्के मूल्य मिलिव्होल्टच्या पूर्णांकात दिले, की त्याखालचे सारे गळून जाते, म्हणून पुढे वाचकाला आपला गुणक आधी सांगण्याची सोय द्यावी लागली. पुन्हा गुणक अवयवच!

आता या व्यवस्थेतून निघालेला सर्वांत अर्थपूर्ण परिणाम पाहू. दाब मोजणाऱ्या चॅनलाला आपण काय मोजतो आहोत हे ठाऊक नसते. त्याला फक्त मिलिव्होल्ट ठाऊक. समजा ते 1500 सांगते. वाचक बॅटरीचा ड्रायव्हर असेल, तर रोधांचा हिशेब करून तो त्यातून उरलेली वीज वाचतो. वाचक उष्णतारोधकाचा ड्रायव्हर असेल, तर आपल्याजवळच्या कोष्टकात पाहून त्यातून तापमान वाचतो. उष्णता वाढली की रोध घटतो, पण सरळ रेषेत नव्हे, म्हणून कोष्टक लागते. 2016मध्ये आलेला एक ड्रायव्हर तर त्याच दाबातून कळ वाचतो : एकाच तारेवर वेगवेगळ्या रोधांसह पाच-सहा बटणे जोडलेली असतात, आणि दाब कोणत्या टप्प्यात पडतो यावरून कोणते बटण दाबले ते ठरते. जुन्या धर्तीच्या स्पर्शपडद्याचा ड्रायव्हर त्यातून बोटाची जागा वाचतो. संहिता एक, 1500, अर्थ चार. वाचकाधिष्ठित समीक्षेचा हा विजय म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. हे चारही वाचक आपापला अर्थ मोकळेपणाने लावू शकतात ते केवळ 'मिलिव्होल्ट' या एका शब्दाबद्दल आधी एकमत झाल्यामुळे. ते एकमत नव्हते, तेव्हा प्रत्येक वाचकाला स्वतंत्र दार पाडावे लागत होते. वर्गात आपण वाचकाच्या स्वातंत्र्याविषयी बोलतो, तेव्हा त्यामागच्या सामायिक कोशाची बाजू बहुधा अनुच्चारित राहते.

गंमत अशी, की या आतल्या व्यवस्थेच्या अगदी पहिल्या ग्राहकांपैकी एक ड्रायव्हर निव्वळ अनुवादक होता. आयआयओची चॅनले वाचून ती जुन्या देखरेख शाखेच्या व्याकरणात पुन्हा मांडायची, एवढेच त्याचे काम. नवी प्रमाणभाषा रूढ झाल्यावर तिने सर्वप्रथम जुन्या बोलीत भाषांतर करवून घेतले.

तिसरा प्रश्न, कोणाला वाचू द्यायचे हा, फार उशिरा विचारला गेला. तापमान, दाब, हालचाल यांत लपवण्यासारखे काय आहे, अशीच सर्वांची धारणा होती आणि या फाइली सामान्यतः सर्वांना वाचण्यास खुल्या असत. 2014मध्ये यान मिखालेव्हस्की, डॅन बोने आणि गाबी नाकिब्ली या संशोधकांनी दाखवले, की फोनमधील भ्रमणमापकावर आसपासच्या बोलण्याची कंपने उमटतात आणि त्यांतून बोलण्याविषयी, बोलणाऱ्याविषयी काही माहिती काढता येते. मायक्रोफोन वापरण्यासाठी परवानगी मागावी लागे; भ्रमणमापकासाठी लागत नसे.

नोव्हेंबर 2020मध्ये 'प्लॅटिपस' या नावाने जाहीर झालेले संशोधन याहून पुढचे होते. इंटेलच्या प्रोसेसरांत स्वतःने खर्च केलेली ऊर्जा मोजणारा एक गणक असतो, आणि लिनक्स तो आकडा 'एनर्जी_यूजे' या फाइलीतून मायक्रोज्यूलमध्ये सांगे. वीजबचतीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ती सोय होती. ग्राट्सच्या तंत्रविद्यापीठातील आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की त्या आकड्यातील बारीक चढउतारांवरून प्रोसेसर कोणती आज्ञा पाळत होता, आणि कोणत्या मूल्यावर, याचा अंदाज बांधता येतो. काही मांडण्यांत तर गुप्त किल्ल्याही काढता येतात. ज्याला आपण विजेचा हिशेब समजत होतो, तो कोणा चिकाटीच्या वाचकाने बंद पत्र म्हणून वाचून दाखवला.

लिनक्सने केलेली दुरुस्ती लहान आहे. त्या फाइलीचे नाव बदलले नाही, परिमाण बदलले नाही, आकडाही तोच राहिला. फक्त ती सर्वांऐवजी मुख्य प्रशासकालाच वाचता येईल, असे करण्यात आले. फाइलीवरची ही परवानगी अर्थातच बाहेरच्या वाचकासाठी असते. गाभ्यात राहून आयआयओचे चॅनल मागणाऱ्या ड्रायव्हरला तशी परवानगी कोणी विचारत नाही.